गुळाच्या विक्रीसाठी चित्रफीत घेताना पोशाखाची निवड

गुऱ्हाळावरून थेट गिऱ्हाइकास गूळ विकण्याची पद्धत अलीकडे अनेक गावांत रूढ होऊ लागली आहे. मोबाईलवर दोन-तीन मिनिटांची चित्रफीत घेऊन ती पुण्या-मुंबईकडील कुटुंबांस पाठविली जाते व तिच्यावर विसंबून मागणी नोंदविली जाते. बाजार समितीच्या आवारात व्यापारी ढेप कापून पाहतो, खडा जिभेवर ठेवतो आणि मग भाव बोलतो. चित्रफीत पाहणाऱ्यास यांपैकी काहीच करता येत नाही. गुळाचा रंग आणि तो हाताळणाऱ्या माणसाची स्वच्छता एवढ्या दोन गोष्टींवरून त्याला मालाची पारख करावी लागते. या दोन्ही गोष्टी चित्रात कशा दिसतील, हे बऱ्याच अंशी अंगावरील कपड्यांवर अवलंबून असते, ही बाब मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

प्रथम रंगाचा विचार करू. मोबाईलचा कॅमेरा समोरील सर्व दृश्याच्या उजेडाचा अंदाज घेऊन चित्र उजळ करावे की मंद, हे आपोआप ठरवितो. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा व लेंगा घालून शेतकरी भर उन्हात उभा राहिला, की चित्रात पांढऱ्याचाच भाग मोठा होतो. कॅमेरा सारे चित्र मंद करतो. परिणामी शेतकऱ्याचा चेहरा काळवंडलेला दिसतो व हातातील ढेपही आहे त्याहून काळपट दिसते. याउलट काळा किंवा गडद निळा पोशाख असल्यास कॅमेरा चित्र उजळ करतो आणि तपकिरी गूळ पिवळसर भासतो. यांतील दुसरी चूक अधिक महागात पडते. हायड्रॉस न वापरता केलेला गूळ स्वभावतःच तपकिरी असतो, आणि तसला गूळ हवा म्हणूनच गिऱ्हाईक जादा भाव देत असते. चित्रात पिवळा दिसलेला गूळ प्रत्यक्षात गडद निघाला, की माल बदलला असा संशय येतो व पुडके परत येते. दोन्ही वेळचे भाडे अंगावर पडते ते निराळेच. दमट हवेत वाटेतच पाझरलेला गूळ पुन्हा विकण्याजोगाही राहत नाही.

भडक रंगांचाही असाच उपद्रव होतो. लाल अथवा भगव्या रंगाचे लुगडे नेसून ढेप छातीशी धरली, तर उन्हात त्या कापडाची झाक गुळाच्या कापलेल्या अंगावर पडते. शिवाय चित्रात एकाच रंगाचे प्राबल्य झाल्यास कॅमेरा इतर रंगांतही आपल्या समजुतीप्रमाणे फेरफार करतो. तेव्हा फिकट निळा, राखाडी, मातकट किंवा न चमकणारा सायीसारखा रंग पसंत करावा. उसाच्या फडात उभे राहावयाचे असल्यास हिरवा कपडा टाळावा. त्यात माणूस हरवून जातो. अगदी बारीक रेघांचा वा चौकड्यांचा सदराही नको, कारण पडद्यावर त्या रेघा थरथरताना दिसतात व पाहणाऱ्याचे लक्ष गुळावरून उडते. डोक्यावरील पांढऱ्या टोपीने काही बिघडत नाही, तिचा भाग लहान असतो.

चित्रफीत घ्यावयाची म्हटली, की कोल्हापुरी फेटा व लग्नातील पैठणी बाहेर काढण्याचा मोह होतो. कोल्हापूरच्या गुळाला सन २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने आपला प्रांत फेट्यातून दिसावा, ही भावना समजण्यासारखी आहे. तथापि चुलवाणाशेजारी फेटा बांधून कोणी काम करीत नाही, हे शहरातील माणूसही ओळखतो. मालाची ओळख करून देताना स्वतःचा, नित्याच्या वापरातला, पण स्वच्छ धुतलेला व बटणे शाबूत असलेला पोशाखच विश्वास उत्पन्न करतो.

येथे एका गोष्टीस विशेष जपावे. खते व कीटकनाशके विकणाऱ्या कंपन्यांच्या फुकट मिळालेल्या टोप्या आणि टी-शर्ट घरोघरी असतात. कीटकनाशकाचे नाव छातीवर मिरवीत सेंद्रिय गुळाचे गुण सांगणारी चित्रफीत पाहून गिऱ्हाइकाने हसावे की घाबरावे! राजकीय पक्षाचे उपरणेही घरीच ठेवावे. गूळ सर्वांनाच विकावयाचा आहे.

प्रत्यक्ष गुऱ्हाळातील चित्रणासाठी नियम अधिक कडक आहेत. घट्ट गूळ उतरविताना काहिलीतील पाकाचे तापमान सुमारे ११५ ते ११८ अंश सेल्सिअस असते. चुलवाणाचा जाळ लागल्यास नायलॉन-पॉलिएस्टरचे कापड वितळून कातडीला चिकटते. म्हणून तेथे सुती कपडाच हवा. चरकात ऊस घालतानाचे दृश्य घ्यावयाचे असल्यास लोंबणारे उपरणे, सैल बाह्या व मोकळा पदर यांस पूर्ण मज्जाव असावा. पदर कमरेला खोचलेला असावा. चांगल्या चित्राच्या नादात हात गमावण्याचा प्रसंग येऊ नये.

गूळ वाफ्यातून काढणे, वड्या पाडणे, काकवी बाटलीत भरणे ही कामे बहुधा बचत गटांतील भगिनी करतात. अन्न सुरक्षा व मानके (परवाना व नोंदणी) विनियम, २०११ यांच्या अनुसूची ४ मध्ये अन्न हाताळणाऱ्यांच्या स्वच्छतेबाबत अपेक्षा सांगितल्या आहेत. त्यानुसार केस टोपीने झाकावेत, स्वच्छ एप्रन बांधावा, अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढून ठेवावे. मंगळसूत्र काढण्याचा आग्रह कार्यकर्त्यांनी धरू नये. ते पोलक्याच्या आत राहिले म्हणजे पुरे. मात्र हा वेश चित्रणापुरता चढविण्यात अर्थ नाही. एप्रनची घडी न मोडलेली आणि भगिनी तो पुनःपुन्हा सावरीत आहेत, असे दिसले की खरी स्थिती कळून येते. रोजच्या कामात एप्रन व टोपीची सवय झाल्यावरच चित्रफीत घ्यावी. त्यासाठी पंधरवडा थांबावे लागले तरी चालेल.

ध्वनीकडेही थोडे लक्ष हवे. गळपट्टीला लावावयाचा लहान ध्वनिग्राहक असेल, तर बटणांचा सदरा सोयीचा पडतो. खळ दिलेले कापड सळसळते व मण्यांची माळ ध्वनिग्राहकावर आपटते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने चित्रणाच्या आदल्या दिवशी कपडे पाहून घ्यावेत. नवीन खरेदीचा खर्च शेतकऱ्यावर लादू नये. ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी, तेच कपडे घालून आणि ढेप हातात घेऊन अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्यावी. ती दुसऱ्या एखाद्या मोबाईलवर लावून तीच ढेप शेजारी सावलीत धरावी व घरातील माणसांना दोन्ही रंग जुळतात काय, असे विचारावे. न जुळल्यास आधी सदरा बदलावा, मग जागा. रंग जुळलेला पोशाख धुऊन बाजूला ठेवावा; राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी घ्यावा लागल्यास तोच उपयोगी पडेल.