काळी मेंदी, कलप आणि त्वचेची ॲलर्जी

लग्नसराई आली की शिरूर, दौंडच्या बाजारपेठेत मेंदीच्या कोनांचे ढीग दिसू लागतात. जत्रेत हातावर काळी नक्षी काढून देणारे बसतात. पन्नाशीपुढची मंडळी लग्नाच्या आदल्या दिवशी केसांना आणि मिशांना कलप लावून घेतात. त्यानंतर काही दिवसांतच दवाखान्यात ठराविक तक्रारींचे रुग्ण येऊ लागतात. कुणाच्या हातावर नेमके नक्षीच्या रेघांवरच फोड उठलेले असतात. कुणाचे डोळे सुजून मिटलेले असतात, तर कुणाच्या कानामागून लस वाहत असते. घरचे म्हणतात, ‘पित्त उठले असेल’. काहींनी ‘नागीण’ समजून गेरूही लावलेला असतो. चौकशी केल्यावर बहुतेक वेळा एकच कारण निघते. त्याचे नाव पॅराफेनिलीन डायअमीन, थोडक्यात पीपीडी.

मेंदी काळी नसते

मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचा रंग असतो. तो चढायला काही तास लागतात आणि नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत रंगतो. नुसत्या मेंदीने त्वचा कधीही काळीभोर होत नाही. तासाभरात हात काळा करणाऱ्या मेंदीत बाहेरून काही मिसळलेले असते आणि ते बहुधा पीपीडी असते. केसांसाठी ‘काळी मेंदी’ म्हणून जी पुडी मिळते, तिच्यातही अनेकदा हेच रसायन असते. ‘हर्बल’ किंवा ‘अमोनियाविरहित’ एवढे लिहिले म्हणजे पीपीडी नाही, असे समजू नये. अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळे.

‘दहा वर्षे लावतोय, कधी काही झाले नाही!’

हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. ॲलर्जी म्हणजे विषबाधा नव्हे. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी या रसायनाची ओळख लक्षात ठेवतात. ही ओळख पहिल्याच वेळी पटेल किंवा दहा वर्षांनी पटेल. एकदा ती पटली की पुढच्या प्रत्येक वेळी एक ते तीन दिवसांत खाज, लाली, सूज आणि पाणी भरलेले फोड येतात. त्रास उशिरा सुरू होत असल्याने कलपाचा संशयच येत नाही. दोष जातो लग्नातल्या जेवणाला.

आपल्या भागात गाजर गवताचे, म्हणजेच काँग्रेस गवताचे इसब सर्वांना माहीत आहे. भारतात हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आले आणि देशभर पसरले. वर्षानुवर्षे खुरपणी करणाऱ्या माणसाला एखाद्या वर्षी अचानक त्याचा त्रास सुरू होतो आणि मग सुटत नाही. पीपीडीचेही तसेच आहे. ही ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते.

म्हणूनच लहान मुलांच्या हातावर जत्रेतली काळी नक्षी काढून घेणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. कलपात पीपीडीचे प्रमाण ठरलेले असते. युरोपात केसांवर लावताना ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि त्वचेवर नक्षीसाठी तर ते वापरूच देत नाहीत. जत्रेतल्या वाटीत किती टाकले आहे, हे विचारणार कुणाला? आठ वर्षांच्या मुलीला गंमत म्हणून काढलेली नक्षी पंधरा दिवसांत पुसली जाते. पण पुढे तिने मोठेपणी कलप लावला तर चेहरा सुजतो. काही वेळा रंगीत कपडे, काळे रबर, बधिर करण्याची काही औषधे यांचाही त्रास होऊ शकतो.

डोळ्यांजवळ नकोच

अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या रंगवण्याच्या ‘लॅश ल्यूर’ नावाच्या प्रसाधनाने स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, काहींची दृष्टी गेली. त्यात याच जातीचे रसायन होते. १९३८ मध्ये तिथे प्रसाधनांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला, त्यामागे अशा घटनाही होत्या. भारतातही पीपीडी असलेल्या कलपावर ‘आधी चाचणी घ्या, भुवया व पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते’ अशा अर्थाचा इशारा छापावा लागतो. बारीक अक्षरातला हा मजकूर कुणी वाचत नाही. तो वाचावा.

चाचणी कशी घ्यावी?

कलप लावण्याच्या ४८ तास आधी पाकिटावरील सूचनेप्रमाणे थोडे मिश्रण कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस लावावे. खाज, लाली किंवा पुरळ आल्यास तो कलप वापरू नये. आदल्या रात्री लावून सकाळी पाहणे पुरेसे नाही. चाचणी प्रत्येक वेळी घ्यावी. मात्र ज्यांना पूर्वी कलपाचा किंवा काळ्या नक्षीचा त्रास झाला आहे, त्यांनी घरी चाचणीही घेऊ नये. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी.

त्रास झाल्यास

१) सौम्य साबण व भरपूर पाण्याने रंग धुवावा.
२) गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. फोड फोडू नयेत. हळद, लिंबू, गेरू, टूथपेस्ट लावू नये.
३) दुकानातून मनाने मलम आणू नये. डॉक्टरांना कलपाचे पाकीट दाखवावे.
४) श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, चक्कर येणे यांपैकी काही झाल्यास १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा तातडीने रुग्णालय गाठावे.

केशकर्तनालय चालवणाऱ्या बांधवांनी हातमोजे घालूनच कलप लावावा. हाताचे इसब त्यांचा धंदा बुडवू शकते. कलपाची पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. ती पोटात गेल्यास गळा सुजून श्वास कोंडतो, स्नायू व मूत्रपिंडे निकामी होतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

हौस करू नये असे नाही. मेंदीचा पाला वाटून किंवा खात्रीची साधी मेंदी लावावी. रंग जरा उशिरा चढेल, एवढेच.