सावलीतली शाळा

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २२ चे शेवटचे श्लोक.

यज्ञपत्नींच्या कथेच्या अगदी आधी हा छोटा प्रसंग येतो. आपण तो बहुतेक वेळा भरकन वाचून पुढे जातो. कृष्ण आणि त्याचे सवंगडी गाई चारत वृंदावनापासून लांब आलेत. ऊन कडक आहे. तेव्हा श्रीदामा, सुबल अशा मित्रांना नावाने हाक मारून कान्हा झाडं दाखवतो. वारा, पाऊस, ऊन, थंडी ही स्वतः सोसतात आणि आपल्याला वाचवतात, असं सांगतो. मग पान, फूल, फळ, सावलीपासून डिंक आणि राखेपर्यंत झाडाच्या देण्याची यादीच करतो.

ऐकणारी सगळी मुलं आहेत, हे लक्षात घ्या. आणि कृष्ण इथे "झाड तोडू नका" असं एकदाही म्हणत नाही. तो आधी ओळख करून देतो. ज्याची ओळख झाली, त्याला जपायला वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी तो म्हणतो की प्राण, धन, बुद्धी आणि वाणी दुसऱ्याच्या भल्यासाठी वापरण्यात जन्माचं सार्थक आहे. घरातल्या मुलांसोबत, भाच्या-पुतण्यांसोबत हे चारही रोज करता येतं.

प्राण, म्हणजे आपली मेहनत. सोसायटीतल्या झाडाच्या बुंध्याला सिमेंट भिडलं असेल, तर पाणी मुळांपर्यंत जात नाही. मोठ्यांनी ते मोकळं करून घ्यावं. मुलांनी आळं करून तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी तिथे घालावं.

धन. वटपौर्णिमेला वडाची तोडलेली फांदी विकत आणू नका. मुलांना घेऊन उभ्या वडापाशी जा.

बुद्धी. जवळचा एक वड किंवा उंबर निवडा. तिथे कोण कोण येतं, ते मुलांना वहीत लिहू द्या : तांबट, कोकीळ, खार, रात्री वटवाघूळ. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात आणि एक चिमुकली माशी आत शिरून परागीभवन करते, हेही सांगा. एक झाड म्हणजे किती जणांचं घर, हे मूल स्वतःच मोजेल.

वाणी. ही सगळ्यात अवघड. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट नदीत टाकताना मूल विचारतं, "नदी देवी आहे ना, मग हे का?" त्याला गप्प बसवू नका. कालियाच्या विषाने यमुना बिघडली, तेव्हा तिच्यात उडी घेणारा कृष्णही लहानच होता. पिशवी परत घ्या. निर्माल्य कलशात टाका, नाहीतर घरीच कुंडीत खत करा. मूल आपल्या प्रवचनापेक्षा आपल्या हाताकडे जास्त बघतं.

आजचा संकल्प : संध्याकाळी एका मुलाला एका झाडाची नावाने ओळख करून द्यायची. बस, एवढंच.

जय जय राम कृष्ण हरी!