शून्य हिटचा रूल

गोमतीनगर, लखनौ
रविवार सकाळ

चि. चिमूस,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी पॉलिटेक्निक चौराह्यावर गाड्यांच्या कोंडीत अडकलो होतो. तू म्हणालीस, "काका, रूल अगदी बरोबर लिहिलाय, तीनदा तपासला, तरी ट्रॅफिक अडतंय." तुझा आवाज रडवेला झाला होता आणि मला नीट बोलता आलं नाही, याची रुखरुख लागून राहिली. आज सुट्टी आहे. बाहेर धुकं इतकं आहे की समोरची इमारत दिसत नाही, काकू आतल्या खोलीत रियाजाला बसली आहे. म्हणून सावकाश लिहितो.

तुझा ३१२ नंबरचा रूल बरोबर असेल, मला शंका नाही. पण तू त्या एकाच ओळीकडे बघत बसली आहेस. फायरवॉल त्या ओळीपर्यंत पोचते का, हे तू पाहिलं नाहीस.

पॅकेट आलं की फायरवॉल त्याचा सोर्स, डेस्टिनेशन, प्रोटोकॉल, पोर्ट (आणि झोन असतील तर झोन) घेऊन यादीच्या माथ्यावर जाते आणि खाली उतरू लागते. जो रूल पहिल्यांदा पूर्ण जुळेल तोच लागू. अलाउ तर अलाउ, डिनाय तर डिनाय, आणि वाचन तिथेच थांबतं. खाली याहून नेमका रूल लिहिलेला असला तरी तो वाचला जात नाही. तू राउटिंगचा कोर्स आधी केलास, त्यामुळे तुझी गफलत इथेच होत असणार. राउटिंग टेबलात सर्वांत नेमका मार्ग जिंकतो: /२४ असेल तर /१६ मागे पडतो, कुठल्याही क्रमाने लिहा. त्या सवयीने माणसाला वाटतं की फायरवॉलही नेमकेपणाला मान देईल. ती देत नाही. तिला फक्त आधी कोण आलं ते कळतं.

हे वाक्य मलाही पाठ होतं. तरी बारा-तेरा वर्षांपूर्वी, इथल्याच एका ऑफिसात असताना, माझ्या हातून जे झालं ते तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आमच्या शाखा कानपूर, रायबरेली, गोरखपूरकडे पसरलेल्या होत्या. सगळ्या शाखांचं नेटवर्क १०.२०.०.०/१६ या पट्ट्यात. रूल नंबर १२ असा होता: या पट्ट्यातून सर्व्हरांच्या नेटवर्ककडे, सर्व्हिस एनी, अलाउ. कोणीतरी सुरुवातीच्या धांदलीत लिहिलेला. पुढे एका शाखेत बाहेरच्या लोकांसाठी काही कॉम्प्युटर ठेवले, त्यांना १०.२०.३५.०/२४ हा सबनेट दिला, आणि तिथून हिशेबाच्या सर्व्हरला हात लागू नये म्हणून मला डिनाय रूल लिहायला सांगितलं. मी लिहिला. नंबर आला ४७. नाव नीट दिलं, कॉमेंट लिहिली, लॉग चालू केला. दर महिन्याच्या अहवालात त्या रूलपुढे हिट काउंट, म्हणजे तो किती वेळा लागू झाला तो आकडा, शून्य दिसायचा आणि मी समाधानाने पान उलटायचो. कोणी तिकडे जायचा प्रयत्नच करत नाही, असा त्याचा अर्थ मी लावला होता.

१०.२०.३५.० हा सबनेट १०.२०.०.०/१६ च्या पोटात आहे, हे तुला एका दृष्टिक्षेपात दिसलं असेल. त्या कॉम्प्युटरांचं प्रत्येक पॅकेट १२ नंबरला जुळून आत जात होतं. ४७ ला कधी कोणी विचारलंच नाही. त्यातल्या एका यंत्रात व्हायरस शिरला आणि हिशेबाच्या सर्व्हरवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. बॅकअप होता, पण दोन दिवस जुना. त्या दोन दिवसांची व्हाउचरं लेखा विभागातल्या एका बाईंनी हाताने पुन्हा भरली. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. डाव्या हाताला व्हाउचरांचा गठ्ठा, समोर छापील रजिस्टर, आणि ओळ चुकू नये म्हणून त्यांनी ओळीखाली स्टीलची पट्टी धरलेली. एक ओळ झाली की पट्टी खाली. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. संध्याकाळी सात वाजता त्यांनी पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली, डोळे चोळले आणि घरी गेल्या.

त्या रात्री मी ४७ नंबरचा रूल उचलून १२ च्या वर ठेवला. त्यातलं एक अक्षर बदललं नाही. पाच मिनिटांत त्याच्यापुढे हिट काउंट सहाशेच्या वर गेला.

काकूचा रियाज ऐकू येतोय म्हणून एक सुचलं. ती कैसरबागेत भातखंड्यांच्या विद्यापीठात शिकली, हे तुला माहीत आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज म्हणून जे सुरू झालं, तेच हे. ती मला नेहमी सांगते की मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो, पूरिया गंधार-निषादावर, सोहनी वरच्या सप्तकात रमते. स्वरांची यादी पाहून राग ओळखता येत नाही, कोणता स्वर कुठे बसवला ते ऐकावं लागतं. रूलांची यादी वाचताना मला हे हटकून आठवतं.

त्या रात्रीची अजून एक गोष्ट. रूल वर नेल्यावरही एक जुनं कनेक्शन चालूच राहिलं. फायरवॉल सेशन लक्षात ठेवते. पहिलं पॅकेट रूलांतून गेलं की त्याच संभाषणातली पुढची पॅकेटं सेशन टेबलावरूनच सुटतात, यादी पुन्हा वाचली जात नाही. पॉलिसी बदलल्यावर काही फायरवॉल चालू सेशन पुन्हा तपासतात, काही तपासत नाहीत, काहींत ते सेटिंगवर असतं. तुमची कशी वागते ते आधीच पाहून ठेव. डिनाय टाकल्यावर त्या सोर्सची सेशन तपासायची आणि गरज पडली तर हाताने तोडायची, ही सवय लाव.

आता तुझ्या ३१२ कडे. तुझं ट्रॅफिक अडतंय म्हणजे वरचा एखादा डिनाय ते आधी पकडतोय, किंवा तुझा रूल जुळतच नाही आणि पॅकेट यादीच्या तळाला जाऊन पडतंय. यातलं कोणतं ते अंदाजाने ठरवू नकोस, यंत्राला विचार. सिस्कोच्या एएसएवर पॅकेट-ट्रेसर आहे, फोर्टिगेटवर पॉलिसी लुकअप, पालो आल्टोवर टेस्ट सिक्युरिटी-पॉलिसी-मॅच. सोर्स, डेस्टिनेशन, पोर्ट दिलं की कोणता रूल लागतो ते सांगतात. स्क्रीनवर आयपी टाकून यादी गाळू नकोस, निदान तेवढ्यावर थांबू नकोस. तसं केलं की एनी लिहिलेले आणि ग्रुपच्या आत दडलेले रूल अनेकदा दिसत नाहीत, आणि वाट अडवणारा बहुधा त्यांच्यातलाच असतो. मधे नॅट, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल, असेल तर आणखी जप. पालो आल्टोत रूलमध्ये पत्ता नॅटच्या आधीचा लिहायचा आणि डेस्टिनेशन झोन मात्र नॅटनंतरचा. यात भले भले तासन्‌तास अडकतात.

लहान नंबर म्हणजे वरची जागा, असंही धरून चालू नकोस. फोर्टिगेटमधला पॉलिसी आयडी हे फक्त नाव आहे. ९० आयडीचा रूल ५ च्या वर असू शकतो. सिस्कोच्या ॲक्सेस लिस्टमध्ये नंबर न देता ओळ घातली की ती शेवटी जाऊन बसते. वर आधीच सगळ्यांना परवानगी असेल तर तिचा काही उपयोग नाही. म्हणून तर तिथे ओळींना १०, २०, ३० असे नंबर असतात, मधे जागा राहावी म्हणून.

आणि सगळीकडे हाच नियम आहे असंही नाही. ओपनबीएसडीच्या पीएफमध्ये उलटं आहे: यादी शेवटपर्यंत वाचली जाते आणि शेवटचा जुळलेला रूल जिंकतो, क्विक हा शब्द असेल तरच तिथे थांबतो. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ब्लॉक साधारणपणे अलाउला हरवतो, कुठेही लिहा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर सिक्युरिटी ग्रुपमध्ये फक्त अलाउ असतात, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच नाही. तिथल्याच नेटवर्क एसीएलमध्ये मात्र लहान नंबर आधी. ॲझ्युअरमध्ये १०० ते ४०९६ अशी प्रायॉरिटी, तिथेही लहान आकडा आधी. तुमच्याकडे क्लाउड येणारच आहे, तेव्हा ऑफिसातल्या फायरवॉलची सवय तिकडे तशीच नेऊ नकोस.

तुला सहाशे रूलांची साफसफाई सांगितली आहे ना? ॲव्हिशाय वूल यांनी २००४ साली ३७ फायरवॉलांच्या रूलांचा अभ्यास छापला, त्यात रूलसंच जितका गुंतागुंतीचा तितक्या चुका जास्त दिसल्या. म्हणजे साफसफाई करायलाच हवी, पण शून्य हिट दिसला की डिलीट, असं अजिबात करू नकोस. शून्य हिटचा अलाउ रूल मार्चअखेरीच्या कामासाठी असू शकतो, वर्षातून चारच दिवस लागणारा. काउंटर कधीपासून मोजतोय तेही पाहा. कित्येक यंत्रांत रीबूटनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. आधी रूल डिसेबल कर, ज्याने मागितला होता त्याला विचार, वर्षअखेर जाऊ दे, मग काढ. शून्य हिटच्या डिनाय रूलसमोर मात्र थांब आणि वर बघ. त्याला वरच्या कोणी झाकलंय का? हा प्रश्न मी विचारला असता तर त्या बाईंचे दोन दिवस वाचले असते.

व्हेंडर रात्री फोन करून म्हणेल, "मॅडम, टेस्टिंगपुरता वर एक एनी-एनी टाका, सकाळी काढू." नाही म्हण. त्याला हवे तेवढे पोर्ट विचार, तेवढेच उघड आणि रूलला मुदत घाल. माथ्यावरच्या एका एनी-एनीखाली तुमचे सहाशेच्या सहाशे रूल झाकले जातात आणि काहीच बिघडलेलं दिसत नाही, उलट सगळं सुरळीत चालतं. म्हणूनच तो महिनोन्‌महिने राहून जातो.

यादीच्या तळाशी न लिहिलेला डिनाय बहुतेकदा असतो, पण बऱ्याच ठिकाणी त्याचा लॉग होत नाही. स्वतःचा शेवटचा डिनाय लिही आणि लॉग चालू ठेव. सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घटना ६ तासांत कळवावी लागते. लॉगच नसेल तर सहा तासांत कळवणार काय?

तुमच्या कंपनीचे रूल मला पाठवू नकोस, फोटोसुद्धा नको. ते कंपनीबाहेर जाता कामा नयेत. विचारायचं असेल तर पत्ते बदलून दोन ओळी लिही.

काकू विचारते आहे की होळीला येणार का. तिने तुझ्यासाठी चिकनकारीचा कुर्ता घेऊन ठेवला आहे, अमीनाबादेतून, फिकट निळा. उद्या ऑफिसात गेलीस की यंत्राला विचारून झाल्यावर ३१२ च्या वरचे, त्या सर्व्हरपर्यंत पोचणारे सगळे रूल कागदावर छापून घे, एनीवाले आणि ग्रुपवाले धरून. पट्टी घे. पहिल्या ओळीपासून एकेक ओळ खाली ये आणि ज्या ओळीवर तुझं पॅकेट थांबतं तिचा नंबर मला रात्री कळव.

तुझा,
काका