माझी सही आणि विसरलेला चष्मा

‘लेकीचा संसार तूच मोडलास,’ हे नणंदेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी मला ऐकवून झालंय. मोडला, कबूल. उशिरा मोडला, ही माझी चूक.

लेक डोळ्याखाली काळंनिळं घेऊन आली तेव्हा आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथून समुपदेशनाला पाठवलं. कोणतं केंद्र ते सांगत नाही. मॅडम गोड बोलायच्या. जावई इस्त्रीचा शर्ट घालून आला, तर त्याच्यासाठी चहा मागवला. लेकीला विचारलं, “रोज मारतो का गं, की कधीमधी?” ती घाबरून “कधीमधी” म्हणाली. लगेच माझ्याकडे वळून, “मावशी, माहेरच्यांनी फोन कमी करावेत. निम्मी भांडणं फोनमुळे होतात.” आणि मी मान हलवली!

तिसऱ्या बैठकीला टाइप केलेला कागद समोर आला. चष्मा घरी राहिला होता. “दोघं नीट राहतील, एवढंच आहे,” मॅडम म्हणाल्या. साक्षीदार म्हणून मी सही केली. लेक सासरी गेली. अकराव्या रात्री तिच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, “ताबडतोब या.” फोनमुळे भांडणं होतात म्हणे!

पुढे कोर्टात त्याच्या वकिलाने तोच कागद वाचून दाखवला. ‘किरकोळ मतभेद.’ ‘पत्नी सासू-सासऱ्यांना उलट उत्तर देणार नाही.’ मारहाण हा शब्द अख्ख्या पानावर नाही. “साक्षीदाराची सही कोणाची? मुलीच्या आईचीच ना?” वकील हसला. मी खाली बघत उभी होते आणि ते कागद कशाला करून घेतात हे मला तेव्हा उमगलं. केंद्राच्या रजिस्टरवर आमचं प्रकरण ‘समेट झाला’ म्हणून कधीच बंद झालं होतं.

म्हणून सांगते. समेटाची बोलणी सुरू होण्याआधी संरक्षण अधिकाऱ्याकडे जा आणि घटना अहवाल भरून घ्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005च्या कायद्याने ते त्यांचं कामच आहे. कोणी कधी काय केलं ते तारखांसकट सांगा, प्रत मागून घ्या. ‘आधी समुपदेशन, मग अहवाल’ असं कायद्यात कुठेही नाही. उलट न्यायालय ज्या समुपदेशनाला पाठवतं, तिथे नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही, असं त्याच कायद्याच्या 2006च्या नियमांत लिहिलंय. आमच्याकडे तो अर्धा तास तेच करत होता आणि मॅडम मान डोलावत होत्या.

जखम असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि ‘नवऱ्याने मारलं’ हेच शब्द केसपेपरवर येऊ द्या. आमच्या केसपेपरवर ‘जिन्यावरून पडली’ निघालं, कारण जावई बरोबर होता. अर्ज माहेरच्या गावातल्या कोर्टातही करता येतो. त्याच्या गावी खेटे घालायची गरज नाही. बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. मी मात्र आधी बांगड्या मोडल्या. आधार, पासबुक, नातवाचा जन्मदाखला आधीच दुसरीकडे ठेवा. रात्री बाहेर पडावं लागलं तर 112 किंवा 181 लावा. सखी केंद्रात चार-पाच दिवस राहता येतं. बाकी धीर धरा, देवावर भरवसा ठेवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

सगळेच समुपदेशक तसे नसतात, हेही लिहायला हवं. नंतर एका संस्थेतली तरुण मुलगी भेटली. तिने पहिलाच प्रश्न केला, “ताई, आज रात्री झोपायला सुरक्षित जागा आहे का?” लेक तेव्हा पहिल्यांदा मोकळेपणी रडली. इतक्या बैठकांत हे कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. आमचं दुसरं वर्ष चालू आहे. अंतरिम पोटगीचा आदेश झालाय, त्यातले तीन महिने थकलेत. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.