तिसऱ्या अध्यायाआधीचे दोन अध्याय

मुक्काम नगर

चि. सौ. ताई हीस, प्रभूच्या नावात अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले, मजकूर कळला. कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी लूककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचला जात असता तुझ्या नऊ वर्षांच्या कन्येने 'कुमारी म्हणजे काय, आणि मरीयेला नवल कशाचे वाटले' असा सरळ प्रश्न केला, आणि जावईबापूंनी घाईघाईने गीताचा क्रमांक पुकारून वेळ मारून नेली, हे वाचून हसू आले खरे; परंतु ख्रिस्ती मातापित्यांनी अपत्यांशी या विषयावर बोलावे तरी किती, ही जी पृच्छा तू पुढे केली आहेस तिचे अर्धे उत्तर मला त्याच अध्यायात दिसते. आपला पुरुषाशी संबंध आलेला नसता हे घडावे कसे, असे खुद्द मरीयेने देवदूताला निःसंकोच विचारले; आणि दूताने तिला दटावले नाही, तर जेवढे कळणे तिला अगत्याचे होते तेवढे सांगितले. प्रश्नाला उत्तर असावे आणि ते विचारणाऱ्याला पेलेल एवढेच असावे, हे प्रमाण तू धरून चाल.

आपल्या घरांतून या विषयाला तोंड फुटते ते बहुधा मनाईहुकुमाने. मुलगी मोठी होऊ लागली की तिच्या बसण्याउठण्यावर नजर, मुलगा मोठा होऊ लागला की पापाची धास्ती. तोवर अवाक्षर नाही. शास्त्राचा क्रम याच्या अगदी उलट आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव नर व नारी निर्माण करून त्यांना आशीर्वाद देतो आणि आपल्या सगळ्या करणीवर संतोष व्यक्त करतो. दुसऱ्यात ती दोघे एकमेकांची होतात आणि त्यांना लाज ठाऊक नसते. पाने शिवणे, लपणे आणि एकमेकांवर दोष ढकलणे हे सारे तिसऱ्या अध्यायातले. आपण मात्र मुलांना थेट तिसऱ्या अध्यायात नेऊन बसवतो, आणि मग त्यांनी पहिले दोन अध्याय चोरून, भलत्या ठिकाणी, भलत्या माणसांकडून शिकले म्हणजे कपाळाला हात लावतो.

तेव्हा आरंभ बालपणीच कर. धाकट्याला न्हाऊ घालताना कोपर, गुडघा, घोटा ही नावे तू ज्या आवाजात सांगतेस, त्याच आवाजात शिश्न हा शब्दही सांग, आणि कन्येला योनी हा शब्द. कन्येला ऋतुप्राप्तीची माहिती ती वेळ येण्यापूर्वी, म्हणजे आताच दे. कपड्यावर अकस्मात रक्त पाहून एखाद्या पोरीने आपल्याला दुर्धर रोग जडला असे समजावे, यासारखी हयगय नाही. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही 'कावळा शिवला' म्हणून मुलीला दूर बसवण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. कन्येला ऋतू प्राप्त होईल त्या दिवशी तिच्याबरोबर मार्काचा पाचवा अध्याय वाच. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली, मोशेच्या नियमानुसार अशुद्ध ठरलेली बाई गर्दीतून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवते, आणि तो विटाळ न मानता तिला चारचौघांत कन्या म्हणून संबोधतो. यापरते स्पष्टीकरण मला सुचत नाही.

मुलग्याशी बोलण्याचे काम यथाकाल जावईबापूंनी पत्करावे. झोपेत वीर्यस्खलन होणे हा देहधर्म आहे, तो रोग नव्हे आणि अपराधही नव्हे, हे पित्याच्या तोंडून ऐकले म्हणजे मुलाच्या छातीवरचे दडपण उतरते. हस्तमैथुनाविषयी ख्रिस्ती पंथोपपंथांत मतभेद आहेत. तुम्ही आपले मत अवश्य सांगा, पण त्याने दृष्टी जाते, वेड लागते असल्या थापा मारू नका. असत्याच्या आधाराने पावित्र्य शिकवता येत नाही.

यानंतर संयमाची गोष्ट येते, आणि ती येथेच शोभते. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे ही पौलाची शिकवण, आणि विवाहबंधनाची वाट पाहण्यातील औचित्य, हे ज्याला आपला देह देवाचे दान म्हणून आधी ठाऊक आहे त्यालाच उमजते. मोबाईलवर जे ओंगळ दिसते त्याबद्दल बोलताना तेथे दाखवलेली व्यक्तीही देवाच्या प्रतिरूपाची आहे, हे सांग. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने वासनेचा जाब पाहणाऱ्याच्या डोळ्याला विचारला आहे, स्त्रीच्या पेहरावाला नव्हे. हे मुलग्याला विशेषेकरून कळले पाहिजे.

आता एक कठीण गोष्ट. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दावीदाचा पुत्र अम्नोन आजाराचे सोंग करून आपली सावत्र बहीण तामार हिला खोलीत बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. बाप संतापतो, पण अम्नोनाला शासन करीत नाही. आणि दोन वर्षांनी त्याच घराण्यात भावाच्या हुकुमाने भावाचा खून पडतो. घराची अब्रू राखण्यासाठी मुलीला गप्प बसवणाऱ्यांची ही हकिकत शास्त्राने झाकलेली नाही. म्हणून मुलांना निक्षून सांग, की नातलग असो, शिक्षक असो वा पाळक, नको असलेला स्पर्श कोणी केला आणि कोणाला सांगू नकोस म्हणून बजावले, तर तेच आईला प्रथम सांगायचे. आणि सांगितले तर विश्वास ठेव. 2012 च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावरील असा अपराध ज्याला कळला त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे; मंडळीच्या नावलौकिकाची सबब तेथे चालत नाही. 1098 हा मदतीचा क्रमांक मुलांना पाठ असू दे.

एकाच बैठकीत हे सारे आटोपण्याचा घाट घालू नकोस. प्रश्न येतील तसतसे बोलत जा, आणि एखादे उत्तर ठाऊक नसले तर उद्या सांगते म्हणून खरोखरीच उद्या सांग. कन्येचा तो प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. आज प्रार्थनेला तोच अध्याय पुन्हा काढा, आणि या खेपेस गीत तिच्या प्रश्नाच्या उत्तरानंतर म्हणा. जावईबापूंना सलाम, मुलांना गोड पापे.

तुझा,
मामा