सुरतेचा रुपया काय सांगतो?
जुन्या नाण्यांचा छंद आणि नाण्यांची ओळख

खेड्यापाड्यांतील अनेक घरांत देव्हाऱ्यातील ताम्हनात, धान्याच्या कणगीच्या तळाशी किंवा आजीच्या गळ्यातील माळेत एखादा जुना चांदीचा रुपया असतो. त्यावरील अक्षरे घरात कोणालाच वाचता येत नाहीत. कोणी त्याला ‘मोगली’ म्हणतो, कोणी ‘बादशाही’. पुढे अडचणीच्या वेळी तो सराफाकडे जातो, वजनाने विकला जातो आणि मुशीत वितळतो. घराला चार पैसे मिळतात. परंतु इतिहासाचा एक साक्षीदार कायमचा नाहीसा होतो. नाण्यांचा छंद हा केवळ श्रीमंतांचा विरंगुळा नसून अशा साक्षीदारांना जपण्याचे व बोलते करण्याचे साधन आहे. थोडी चिकाटी असेल तर शिक्षक, विद्यार्थी, ग्रामसेवक, शेतकरी अशा कोणालाही तो जोपासता येईल. उदाहरणासाठी आपण सुरतेचा रुपया घेऊ.

तापीकाठची टांकसाळ

अकबराने इ. स. १५७३ मध्ये सुरत जिंकली. पुढे हे बंदर मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे व्यापारी द्वार बनले. परदेशी व्यापारी येथे चांदी आणीत. ती टांकसाळीत जाई आणि तिचे रुपये पडत. जहांगीर, शाहजहान, औरंगजेब आणि त्यांच्यानंतरचे बादशहा यांच्या नावांची सुरती नाणी मोठ्या संख्येने आढळतात. जहांगीरच्या अखेरच्या वर्षांत तर बेगम नूरजहान हिचे नाव असलेले रुपयेही येथे पाडले गेले.

सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग नवापूर व नंदुरबार या गावांवरून खानदेशात शिरत असे. मालाबरोबर रुपयाही याच वाटेने प्रवास करी. तेव्हा सुरतेचे नाणे महाराष्ट्रात मिळाले तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

नाणे कसे वाचावे?

सुरती रुपयावर चित्र नसते. दोन्ही बाजूंस फारसी लिपीतील मजकूर असतो. एका बाजूस बादशहाचे नाव व बहुधा हिजरी सन, तर दुसऱ्या बाजूस राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि टांकसाळीचे नाव असते. राज्यवर्षाच्या अंकाजवळ ‘जुलूस’ हा शब्द शोधावा. ‘जुलूस’ म्हणजे सिंहासनारोहण. ‘जर्ब’ म्हणजे ठोकलेले, पाडलेले. ‘जर्ब सूरत’ म्हणजे सुरतेत पाडलेले. ‘सूरत’ हा शब्द सीन, वाव, रे आणि ते या चार अक्षरांनी लिहिला जातो. एवढी चार अक्षरे व फारसी अंक ओळखण्यास शिकले की निम्मे काम झाले. साचा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने पुष्कळदा अर्धी अक्षरे काठाबाहेर जातात. म्हणून एकाच प्रकारची दोन-तीन नाणी शेजारी ठेवून वाचणे सोयीचे पडते.

हिजरी सनाचे इसवी सनात रूपांतर करण्याची एक सोपी रीत आहे. हिजरी वर्ष चांद्रमानाचे असल्याने सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून हिजरी अंकातून शेकडा ३ वजा करावेत व बाकीत ६२२ मिळवावेत. समजा, औरंगजेबाच्या नाण्यावर १०७४ हा अंक आहे. त्यातून ३२ वजा केले की १०४२ उरतात. ६२२ मिळवल्यावर १६६४ येतात. हिजरी १०७४ हे वर्ष प्रत्यक्षात ऑगस्ट १६६३ ते जुलै १६६४ या काळाचे होते. याच वर्षात, जानेवारी १६६४ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली. दुसरी स्वारी ऑक्टोबर १६७० मधील.

येथे उत्साहाला आवर घालणे अगत्याचे आहे. १०७४ सालचा रुपया हाती आला म्हणजे तो महाराजांनी सुरतेहून आणलेल्या द्रव्यातीलच आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही. नाणे आपले साल सांगते. कोणत्या वाटेने व कोणाच्या हातून ते आले, हे सांगत नाही. ते सांगते फक्त नाणे सापडण्याची जागा आणि त्याच्यासोबत सापडलेल्या वस्तू.

नाणे खोटेही बोलते

अस्सल नाण्यावर लिहिलेले सारेच खरे असते असेही नाही. दुसऱ्या शाहआलमच्या नावाचा, ‘जर्ब सूरत’ असे लिहिलेला आणि राज्यवर्ष ४६ दाखवणारा रुपया पुष्कळ ठिकाणी आढळतो. अशा कित्येक रुपयांवर हिजरी १२१५ हा सन दिसतो. शाहआलम हिजरी ११७३ मध्ये गादीवर आला. त्याचे ४६ वे वर्ष त्यामुळे १२१८ च्या सुमारास येते. १२१५ शी ते जुळत नाही. मग खरे काय?

सन १८०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेचा कारभार आपल्या हाती घेतला. लोकांचा विश्वास जुन्या सुरती रुपयावर होता. म्हणून कंपनीने तेच नाव व तेच राज्यवर्ष नाण्यावर कायम ठेवले. शाहआलम १८०६ मध्ये मरण पावला, तरी त्याचे ४६ वे वर्ष संपले नाही! सुरतेचे नाव धारण करणारे हे रुपये पुढे मुंबईच्या टांकसाळीतही यंत्रावर पाडले गेले. सन १८३५ मध्ये चौथ्या विल्यमच्या मुखवट्याचा एकच रुपया साऱ्या कंपनी मुलखासाठी निघाला, तेव्हा हा प्रकार मागे पडला. यावरून नाण्यावरील लेखाबरोबरच त्याचा काठ, घडण व वजन पाहणे किती आवश्यक आहे, हे ध्यानात येईल. हाताने ठोकलेला मोगल रुपया थोडा ओबडधोबड व सुमारे साडेअकरा ग्रॅमचा असतो. यंत्रावरील रुपया गोल व सारख्या काठाचा असतो.

तेरा हजार नाण्यांची साक्ष

सापडण्याच्या जागेचे व एकत्र सापडण्याचे महत्त्व कळण्यासाठी तापीखोऱ्यातून गोदावरीकाठी यावे लागेल. इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्यात १३,२५० नाणी होती. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. जिंकलेल्या राजाचे चलन विजेत्याने आपल्या शिक्क्याने चालू ठेवले, असा याचा अर्थ. नहपानाचा जावई उषवदात याने तापी व इतर नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे नाशिकच्या लेण्यातील लेखात नमूद आहे. अशा बलाढ्य सत्तेचा पाडाव कसा झाला, याचा भक्कम पुरावा या साठ्याने पुरवला.

हीच नाणी मिळाल्याबरोबर दहा-वीस करून वाटली गेली असती, तर प्रत्येकाच्या हाती एकेक चांदीचा तुकडा आला असता. तेरा हजारांपैकी नऊ हजारांवर दुसरा शिक्का आहे, ही गोष्ट मात्र कोणालाही कळली नसती.

घडा सापडला तर

नांगरताना, विहीर खोदताना किंवा जुने घर पाडताना नाण्यांचा घडा सापडल्यास तो फोडू नये व नाणी वाटू नयेत. भांडेही जपून ठेवावे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले १० रुपयांपेक्षा अधिक किमतीचे धन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. खबरीत धनाचे स्वरूप व अंदाजी किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख द्यावी लागते. चौकशीअंती धन बेवारस ठरले, तर शोधणाऱ्याचा हक्क बुडत नाही. त्याला व जागेच्या मालकाला कायद्याप्रमाणे वाटा मिळतो. शासनाने ते धन घेतले तर धातूच्या किमतीवर तिचा पाचवा हिस्सा अधिक दिला जातो. खबर दडवल्यास मात्र शोधणाऱ्याचा वाटा जप्त होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तलाठी, ग्रामसेवक व शिक्षक यांनी ही माहिती गावात सांगितली, तर भीतीपोटी नाणी मुशीत टाकण्याचे प्रकार थांबतील.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याच्या व्यापारासाठी परवाना लागतो.

छंद कसा सुरू करावा?

१. नाणे चिंच, लिंबू, राख किंवा ब्रशने घासू नये. घासल्याने अक्षरे झिजतात व पुन्हा येत नाहीत.

२. नाणे काठाने धरावे आणि प्रत्येक नाणे स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावे.

३. प्रत्येकाची नोंद करावी: धातू, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचा मजकूर, कोणाकडून व कोणत्या गावी मिळाले. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची.

४. काठावर सांधा, पृष्ठावर बुडबुड्यांची छिद्रे किंवा वजनात मोठा फरक दिसल्यास नाणे ओतीव, म्हणजे बनावट असण्याचा संशय घ्यावा.

५. राम-सीता किंवा हनुमान यांची चित्रे व ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असा मजकूर असलेली, १६१६, १७१७ वा १८१८ सालची म्हणून विकली जाणारी ‘नाणी’ कंपनीने कधीच काढली नव्हती. त्यांच्या पायी कोणी फसू नये.

शाळेत नाणी गोळा करण्यापेक्षा नोंदी गोळा करणे अधिक उचित. विद्यार्थ्यांनी घरातील नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने हलका ठसा घ्यावा, वर्णन लिहावे आणि नाणे घरीच परत ठेवावे. न उलगडलेल्या ठशांसाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील, १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या जाणकारांचा सल्ला घेता येईल.

माळेतील तो रुपया विकावा की ठेवावा, हे घराने ठरवावे. गरज कोणाला चुकली आहे? परंतु विकण्यापूर्वी त्याचा ठसा आणि तो कोठून आला याच्या दोन ओळी वहीत उतरल्या, तर चांदी गेली तरी त्याची साक्ष शिल्लक राहील.