दोर धरतो कोण?
प्रस्तरारोहण भिंतीवरचे पदार्थविज्ञान



शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईच्या शिवारात उभे राहून चहूकडे पाहिले, तर काय दिसते? भीमेचा काठ, उसाचे फड आणि नदीपलीकडे दौंड तालुक्यातली तशीच सपाट जमीन. हात-पाय लावून चढावा असा कडा काही दिसत नाही. कडे पाहायचे तर सह्याद्री गाठावा लागतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा खंडाळ्याची नागफणी हे त्यांतले नामांकित. परंतु जेथे खडक नाही तेथे खडक उभा करण्याची युक्ती माणसाने शोधून काढली आहे. ती म्हणजे प्रस्तरारोहणाची कृत्रिम भिंत. पुण्या-मुंबईत अशा भिंती आहेत. नवी मुंबईत तर 2016 आणि 2017 साली या खेळाच्या विश्वचषक स्पर्धा भरल्या होत्या, आणि टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, या खेळाला प्रथमच स्थान मिळाले.

भिंतीवर रंगीबेरंगी खुंट्यांसारखे आधार स्क्रूने बसवलेले असतात. चढणाऱ्याच्या कंबरेला व मांड्यांना हार्नेस नावाचा पट्टा असतो. त्याला बांधलेला दोर वर जातो, भिंतीच्या माथ्यावरच्या आधारावरून वळतो आणि खाली उभ्या असलेल्या जोडीदाराकडे येतो. पहिल्यांदाच चढणाऱ्या बहुतेकांना तीन अनुभव हमखास येतात. पायांआधी हात दमतात. आपल्याहून हलक्या जोडीदाराने आपल्याला धरले याचे नवल वाटते. आणि हात सुटला तरी फारसे लागत नाही हे पाहून आश्चर्य वाटते. या तिन्ही अनुभवांमागचे पदार्थविज्ञान आज पाहू या.

हात आधी का दमतात?

समजा, तुमचे वजन 50 किलोग्रॅम आहे. तुम्ही उभ्या भिंतीवर एका आधारावर पाय ठेवून, त्याच्यावर 150 सेंटिमीटर उंचीवरचा आधार हातांनी धरला आहे. भीतीमुळे नवखा माणूस खाली पाहण्यासाठी कंबर बाहेर काढतो. त्याचा गुरुत्वमध्य पायाच्या आधारापासून 30 सेंटिमीटर बाहेर गेला, असे धरू. आता पायाभोवती परिबल काढा. वजन शरीराला बाहेर कलंडवते, हात त्याला आत ओढतात. समतोलासाठी

हातांचे बल × 150 = 50 × 30

म्हणजे हातांना 10 किलोग्रॅम-भार इतके बल सतत लावावे लागते. हाच माणूस कंबर भिंतीजवळ नेऊन हे अंतर 15 सेंटिमीटर करील, तर हातांवर फक्त 5 किलोग्रॅम-भार येईल. ताकद तीच, वजन तेच; उभे राहण्याची पद्धत तेवढी बदलली आणि हातांचे काम निम्मे झाले!

बोटे आवळणारे स्नायू आपल्या कोपराखालच्या भागात असतात. ते सतत आवळलेले राहिले की त्यांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि हात जड होतात. म्हणून जाणते आरोहक पायांनी चढतात व हातांनी केवळ तोल सांभाळतात. घामाने हात निसटू नयेत म्हणून ते हातांना पांढरी पूड लावतात. ती मॅग्नेशियम कार्बोनेटची असते.

हलका जोडीदार जड माणसाला कसा धरतो?

आता दुसरा अनुभव घेऊ. विहिरीवरचे चाक तुम्हाला ठाऊक आहे. चाक सहज फिरत असेल, तर 20 किलोग्रॅमची भरलेली बादली धरून ठेवायला हातालाही जवळजवळ तितकेच बल लावावे लागते. मग 60 किलोग्रॅमचा माणूस दोराच्या एका टोकाला लोंबकळत असता, दुसऱ्या टोकाचा 40 किलोग्रॅमचा जोडीदार वर का उचलला जात नाही?

उत्तर आहे घर्षण. पुष्कळ भिंतींच्या माथ्यावर फिरते चाक नसते, स्थिर गोल दांडा असतो. दोर त्याच्यावर घासत सरकतो. दांड्याला जितका अधिक वेढा, तितका दोन टोकांच्या ताणांतला फरक अधिक. आणि हा फरक बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. घर्षणगुणांक 0.25 धरला, तर गणित असे येते:

अर्धा वेढा : सुमारे 2.2 पट
एक वेढा : सुमारे 4.8 पट
दीड वेढा : सुमारे 10.5 पट
दोन वेढे : सुमारे 23 पट

माथ्यावर दोराचा अर्धा वेढा पडतो. म्हणजे वरच्या 60 किलोग्रॅम-भारासाठी खालच्या बाजूला सुमारे 27 किलोग्रॅम-भार पुरतो. जोडीदाराच्या पट्ट्याला अडकवलेल्या धातूच्या साधनातून दोर पुन्हा तीव्र वळणे घेतो. तेथे बल आणखी कितीतरी पट घटते आणि हाताला थोडकेच बल लावावे लागते. नावाडी होडीचा दोर काठावरच्या खुंटाला दोन-तीन वेढे देऊन एका हाताने होडी थोपवतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

घरी करून पाहा : एका लाटण्याची दोन्ही टोके कोणाला तरी घट्ट धरायला सांगा, लाटणे फिरता कामा नये. सुतळीच्या एका टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधा. सुतळी लाटण्यावरून नुसती टाका (हा अर्धा वेढा झाला) आणि दुसऱ्या टोकाला बांधलेल्या पिशवीत एकेक खडा टाकत बाटली थांबते केव्हा ते पाहा. मग दीड वेढा व अडीच वेढे देऊन तेच करा. दर वेळी खडे तोलून तक्ता तयार करा. तुमच्या सुतळीचा घर्षणगुणांक वेगळा असेल, म्हणून आकडे वरच्यासारखे येणार नाहीत; पण गुणाकाराचा नियम मात्र दिसून येईल.

आता एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. पिशवी पूर्ण रिकामी केली, तर काही वेढ्यांपर्यंत बाटली सुतळी ओढत खाली येते. घर्षण तुमच्या बलाला गुणते. परंतु शून्याला कितीही पटीने गुणले तरी उत्तर शून्यच! म्हणूनच साधे साधन वापरणाऱ्या जोडीदाराला पहिला नियम शिकवला जातो : दोरावरचा रोखणारा हात क्षणभरही सोडायचा नाही.

लागते ते पडण्याने की थांबण्याने?

50 किलोग्रॅमचा मुलगा 2 मीटर खाली पडला, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे 6.3 मीटर होतो. पडत असताना त्याला काहीच इजा होत नाही. इजा होते ती थांबताना. सरासरी बल काढण्याचे सूत्र सोपे आहे. पडण्याचे अंतर आणि थांबण्याचे अंतर यांची बेरीज करा, तिला थांबण्याच्या अंतराने भागा. वजनाच्या किती पट बल बसले ते मिळेल.

कठीण जमिनीवर तो 5 सेंटिमीटरमध्ये थांबला : 2.05 ÷ 0.05 = 41 पट.
गादी दबून व गुडघे वाकून 50 सेंटिमीटरमध्ये थांबला : 2.5 ÷ 0.5 = 5 पट.
दोर ताणला जाऊन 1 मीटरमध्ये थांबला : 3 ÷ 1 = 3 पट.

पडणे तेच, परंतु एका ठिकाणी हाडे मोडतील आणि दुसऱ्या ठिकाणी मुलगा हसत उठेल. (ही सरासरी आहे, एखाद्या क्षणी बल याहून बरेच अधिक असते.) यासाठीच आरोहणाचा दोर नायलॉनचा व ताणला जाणारा असतो. आत भार पेलणारा गाभा आणि बाहेर त्याचे रक्षण करणारे विणलेले आवरण, अशी त्याची रचना असते. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघाच्या कसोटीत अशा एकेरी दोरावर 80 किलोग्रॅमचे वजन पाडतात. पहिल्या वेळी झटका 12,000 न्यूटनपेक्षा अधिक भरता कामा नये आणि दोर निदान पाच वेळा टिकला पाहिजे.

विहिरीवरचा दोर

हे सारे तुमच्या गावालाही लागू आहे. विहिरीत उतरताना कमरेला साधा दोर बांधलेला माणूस आपण पाहतो. तो दोर त्याचे वजन सहज पेलतो, म्हणून सर्वांना तो सुरक्षित वाटतो. पण पाय निसटून तो दोन मीटर जरी खाली गेला, तरी तारेचा दोर फारसा ताणला जात नाही. थांबण्याचे अंतर अगदी थोडे, म्हणून झटका मोठा. आणि तोही पोटावरच्या बोटभर रुंदीच्या पट्टीवर. हार्नेस हेच बल मांड्यांवर व कंबरेवर पसरवतो, त्यामुळे दाब कमी होतो. दोर तुटला नाही म्हणजे माणूस वाचला, असे नव्हे! त्याला हळू थांबवणारा दोर, बल पसरवणारा पट्टा आणि वर जागा असलेला हात, ही तिन्ही हवीत. जेथे ती नाहीत, तेथे केवळ धाडस म्हणून उतरू नका आणि घरच्यांनाही हे गणित समजावून सांगा.

तुम्हीच सोडवा

1. 40 किलोग्रॅमची मुलगी 1.5 मीटर पडून 30 सेंटिमीटरमध्ये थांबली. तिच्यावर वजनाच्या किती पट सरासरी बल आले?
2. आरोहक दोराच्या शेवटच्या आधाराच्या 2 मीटर वर असताना त्याचा हात सुटला. दोर ताणला जाण्यापूर्वी तो 4 मीटर पडतो, असे का?
3. तेच 4 मीटर पडणे. एकदा जोडीदारापासून दोर 5 मीटर लांब होता, एकदा 10 मीटर. झटका कोणत्या वेळी सौम्य असेल? (सूचना : लांब रबर अधिक ताणले जाते की आखूड?)